छोट्या बर्फाळ गोलांनी तरुण कसे दिसावे

सूर्यापासून लांब नेमणूक, व्यास तुटपुंजा आणि अंगावर उणे दोनशे अंशांची थंडी, एवढ्यावरून कोणत्याही गोलाने हातपाय गाळू नयेत. आघातांचे जुने खड्डे बुजवणे, भेगा पाडणे, फवारे उडवणे ही कामे तिथेही होतात. उष्णतेची सोय मात्र लावावी लागते.

वडिलोपार्जित पुंजीवर फार विसंबू नये. गाभ्यातल्या खडकातले युरेनियम, थोरियम, पोटॅशियम किरणोत्साराने थोडी ऊब देतात. पण गोल जितका लहान, तितकी मिळकतीच्या मानाने गळती जास्त. 2,377 किलोमीटर व्यासाच्या प्लूटोचे त्यावर भागत असावे. पाचशेच्या आसपास असलेल्यांनी दुसरीकडे बघावे.

म्हणजे वजनदार शेजारी गाठावा. एन्सेलाडस या चंद्राने शनी गाठला. मात्र शेजाऱ्याभोवती अगदी गोल कक्षेत फिरण्याचा सज्जनपणा करू नये, त्यातून काही मिळत नाही. कक्षा किंचित लांबट असली की शनी जवळ आल्यावर जास्त ताणतो, लांब गेल्यावर सैल सोडतो. दर 33 तासांनी कणीक तिंबावी तसे अंग तिंबले जाते आणि आतल्या घर्षणाने तापते. पंचाईत अशी, की या तिंबण्यानेच कक्षा हळूहळू गोल होऊ लागते. म्हणून एक त्रासदायक भागीदारही हवा. शनीच्याच डायोनी या दुसऱ्या चंद्राची एक फेरी होईपर्यंत एन्सेलाडसच्या दोन होतात. ती ठरावीक जागी ओढत राहते आणि त्याला सुधारू देत नाही. 2005 साली कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून वाफ आणि बर्फाचे कण उडताना दिसले, ते या संगतीचे फळ.

शेजारी न मिळाल्यास माल स्वस्तातला वापरावा. प्लूटोवरच्या थंडीत पाण्याचा बर्फ खडकासारखा वागतो, नायट्रोजनचा मात्र मऊ असतो. तिथल्या स्पुटनिक प्लॅनिशिया या मैदानात तो थोड्याशा उबेवर खालीवर घुसळत राहतो. 2015 साली न्यू होरायझन्स यानाला तिथे आघाताचा एकही खड्डा सापडला नाही. पाण्यात अमोनिया मिसळल्यास ते उणे 97 अंशांपर्यंतही पातळ राहू शकते. ट्रायटन या बर्फाळ चंद्राने तर 1989 साली व्हॉयेजर 2 यानासमोर आठ किलोमीटर उंच फवारे उडवले, तेही बहुधा सूर्याच्या त्या मिणमिणत्या उन्हावर.

आता शनीच्याच मिमास या चंद्राची तक्रार. तो एन्सेलाडसपेक्षा शनीच्या जवळ, कक्षाही जास्त लांबट. सगळे नियमानुसार, तरी तोंडभर खड्डे. 2024 साली संशोधकांनी त्याच्या कक्षेच्या हालचालींवरून आत समुद्र असल्याचा निष्कर्ष काढला, त्या समुद्राचे वय अडीच कोटी वर्षांपेक्षा कमी. तेव्हा खड्ड्यांविषयी विचारणा झाल्यास ‘काम नुकतेच सुरू झाले आहे’ असे कळवावे.