दुसरा मजला आणि त्याचा जिना : रँक लिस्ट भरण्याची शास्त्रोक्त रीत

अमेरिकेतल्या रेसिडेन्सी मॅचमध्ये, म्हणजे डॉक्टर आणि रुग्णालये यांच्या पसंतीच्या याद्या संगणकाने जुळवून प्रशिक्षणाच्या जागा वाटण्याच्या व्यवस्थेत, जागांच्या मुख्यतः तीन जाती आढळतात. कॅटेगॉरिकल जागेत पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे शिक्षण एकाच ठिकाणी होते. तिथे गोंधळ घालायला फारसा वाव नसल्याने या प्रकरणात तिचा विचार केलेला नाही. प्रिलिमिनरी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘प्रिलिम’, ही अवघ्या एका वर्षाची. मेडिसिनमध्ये किंवा सर्जरीत वर्षभर पेजरमागे धावायचे, डिस्चार्ज समरी लिहायच्या आणि जूनअखेर खोली रिकामी करायची. अ‍ॅडव्हान्स्ड जागा थेट दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. रेडिओलॉजी, अ‍ॅनेस्थेशिया, त्वचारोग, न्यूरोलॉजी यांत अशा जागा असतात. मार्च 2025 च्या मॅचमध्ये अशी जागा मिळालेला डॉक्टर तिथे रुजू होणार जुलै 2026 मध्ये. मधल्या वर्षाची सोय ज्याची त्याने पाहावी. बिल्डरने दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट द्यावा आणि जिन्याची चौकशी दुसरीकडे करा म्हणावे, तसा हा व्यवहार. विशेष म्हणजे फ्लॅट मिळाल्याच्या आनंदात जिन्याची आठवण बऱ्याच जणांना उशिरा होते.

या जिन्यासाठी मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेने वेगळी यादी ठेवली आहे. मुख्य यादीला प्रायमरी रँक लिस्ट म्हणतात, दुसरीला सप्लिमेंटल. सप्लिमेंटल यादी मुख्य यादीतल्या एकेका अ‍ॅडव्हान्स्ड जागेला जोडायची असते. एकच यादी सगळ्यांना जोडली तरी चालते, पण जोडावी लागते; आपोआप काही होत नाही. संगणक आधी मुख्य यादी वाचतो. तिच्यातली एखादी अ‍ॅडव्हान्स्ड जागा हाती लागली, तरच त्या जागेला बांधलेली सप्लिमेंटल यादी उघडतो आणि पहिल्या वर्षाची जागा शोधू लागतो. तिथे काहीच मिळाले नाही, तरी मिळालेली अ‍ॅडव्हान्स्ड जागा जात नाही. उमेदवार अर्धा मॅच होतो.

एकाच वर्षाची नोकरी मिळवून पुढे रस्ता बंद करून घ्यायचा असल्यास त्याची खात्रीशीर कृती पुढीलप्रमाणे. मुख्य यादीत प्रिलिम जागा वर लिहाव्यात आणि अ‍ॅडव्हान्स्ड खाली. पहिले वर्ष आधी येते, मग ते आधीच लिहायला हवे, हा त्यामागचा युक्तिवाद बिनतोड आहे. संगणकाला मात्र तो पटत नाही. मुख्य यादीतली प्रिलिम मिळाली की तो यादी तिथेच बंद करतो. खालची रेडिओलॉजी पाहतही नाही. उमेदवाराच्या हाती जिना येतो, आणि वर मजलाच नसतो. दुसरी, किंचित सौम्य कृती म्हणजे प्रिलिम मुख्य यादीच्या तळाशी लिहून सप्लिमेंटल यादी कोरी सोडणे. तळाची प्रिलिम ही वरचे सगळे हुकल्यावर हातात निदान एक वर्ष असावे म्हणून असते. वर अ‍ॅडव्हान्स्ड मिळाली की तळापर्यंत कोणी उतरत नाही, आणि पहिले वर्ष कोरेच राहते.

सप्लिमेंटल यादीचा खरा उपयोग नकाशा पाहून होतो. बॉस्टनच्या अ‍ॅडव्हान्स्ड जागेला बॉस्टनच्या प्रिलिम आधी जोडाव्यात, शिकागोच्या जागेला शिकागोच्या. नाहीतर एका वर्षात दोनदा घर हलवण्याचा योग येतो, आणि सोफा जिन्यातून वळत नाही हे ज्ञान दोन्ही शहरांत मिळते. प्रिलिम मेडिसिन, प्रिलिम सर्जरी आणि तेही एकाच वर्षाचे, विभागोविभागी फिरवणारे ट्रान्झिशनल इयर यांतली निवड ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे करावी. ट्रान्झिशनल इयर सगळ्यांत सुखाचे अशी ख्याती असल्याने त्वचारोगवाले आणि रेडिओलॉजीवाले त्यावर तुटून पडतात. प्रिलिम सर्जरीच्या जागा दरवर्षी बऱ्याच उरतात. का उरतात, ते पहाटे चारच्या राउंडला गेलेल्याला विचारू नये. मुंबई-पुण्याहून गेलेल्या डॉक्टरने आणखी एक बाब तपासावी : दोन्ही रुग्णालये त्याला हवा तो व्हिसा देतात का. एचवनबी हवा असेल तर अमेरिकी परवाना परीक्षेची स्टेप थ्री आधीच उरकलेली लागते, आणि फ्लॅटवाला व्हिसा देतो म्हणून जिनेवालाही देईल, असा नियम नाही.

आता क्रमाचा प्रश्न. यादी मनात आहे त्या क्रमाने लिहावी, एवढे सांगून हा विषय संपायला हवा. पण अकरावीच्या प्रवेशापासून कट-ऑफ पाहून पसंतीक्रम भरण्यात मुरलेल्या मनाला हे उत्तर अपमानास्पद वाटते. मॅचची सुरुवात 1952 ची. 1962 मध्ये गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी जोड्या जुळवण्याचे गणित मांडले, त्यात उदाहरण लग्नांचेच होते. आल्विन रॉथ यांनी पेरान्सन यांच्यासह मॅचची रीत नव्याने बांधली आणि 1998 पासून प्रस्ताव उमेदवाराच्या बाजूने जाऊ लागले. रॉथ आणि शॅप्ली यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या साऱ्याचे व्यवहारातले फळ इतकेच की अवघड जागा पहिली लिहिल्याने दुसरीवरचा हक्क बुडत नाही. स्थळाने नकार दिला तर संगणक निमूट पुढच्या दारात जातो. मागच्या दारातला अपमान तो कोणाला सांगत नाही. तरीही फेब्रुवारीत ‘ते आपल्याला घेतील का’ या निकषावर याद्या उलटसुलट केल्या जातात. प्रोग्राम डायरेक्टरचा ‘तुम्ही आम्हाला फार आवडलात’ हा ईमेल आला की तर हमखास. अशा पत्रांना तिकडे लव्ह लेटर म्हणतात. ती वाचून आनंद मानावा. यादीला हात लावू नये.

नावांच्या संख्येबाबत : मूळ फीमध्ये मुख्य यादीत 20 आणि सर्व सप्लिमेंटल याद्या मिळून 20 वेगवेगळी नावे बसतात, पुढे पैसे पडतात. तिथे काटकसर करू नये. मात्र जिथे कुठल्याही परिस्थितीत जायचे नाही, ते नाव भरतीसाठी लिहू नये, कारण निकाल बंधनकारक असतो आणि ‘सहज लिहिले होते’ ही सबब चालत नाही. शेवटी ‘सर्टिफाय’चे बटण दाबावे. सर्टिफाय न केलेली यादी मॅचमध्ये धरली जात नाही, मग ती कितीही सुबक असो.

निकालाच्या आठवड्यात सोमवारी फक्त मॅच झाला की नाही एवढे कळते, कुठे ते शुक्रवारी. अर्ध्या मॅच झालेल्याला सोमवारीच समजते की वरचा मजला आहे, जिना नाही. त्याच्यासाठी 2012 पासून ‘सोप’ ही व्यवस्था आहे. नावावर जाऊ नये. ती सोपी नाही. उरलेल्या जागांसाठी जास्तीत जास्त 45 अर्ज करता येतात, फोन उशाशी घेऊन बसावे लागते, आणि गुरुवारी ऑफर फेऱ्यांनी येतात. आदल्या महिन्यात सर्जरीला नाक मुरडणारा भावी रेडिओलॉजिस्ट तेव्हा प्रिलिम सर्जरीचा कार्यक्रम आपल्याला लहानपणापासून कसा खुणावत होता, हे फोनवर समजावून सांगत असतो.