कोचसाहेब

कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीत एक कोचसाहेब आहेत. नोकरी बँकेतली, तारुण्य क्रिकेटमध्ये गेलेलं. ही पदवी मात्र त्यांना क्लबहाउसच्या पडद्यासमोर मिळाली. युरोपातली मॅच रात्री साडेबाराला का असेना, साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर थाप मारत, "अरे, शूट कर ना!" कुठून? मधल्या रेषेवरूनही चालेल. ऑफ-स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाला जन्मभर 'काय टेंपरामेंट आहे!' म्हणून दाद देणारा हा माणूस, फुटबॉलमध्ये पास मागे गेला की घरच्यांनी अपमान केल्यासारखा उठून उभा राहतो. "गोल तिकडे आहे रे, बाबा!"

मागे पास दिला की समोरचे पुढे खेचले जातात आणि त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी होते, असं एका कॉलेजातल्या पोराने समजावून पाहिलं. "जागा घेऊन काय करायचंय? फ्लॅट बघतोयस का?" आता गंमत बघा. सकाळी पातलीपाड्याला गाड्या तुंबल्या की हेच गृहस्थ गाडी उलटी फिरवतात, वाघबीळला मागे येतात आणि कोलशेतवरून ढोकाळी गाठतात. पुढे जायला आधी मागे यावं लागतं, हे घोडबंदर रोडवर त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

१३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात आयएसएलची फायनल होती. मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. मुंबईचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा आग्रह असा, की गोलकीपरपासून छोटे पास देत खेळ उभा करायचा. अठराव्या मिनिटाला आपल्याच गोलजवळ अहमद जाहूकडून चेंडू निसटला आणि मोहन बागानच्या विल्यम्सने गोल केला. सोसायटीच्या ग्रुपवर तत्क्षणी मेसेज : 'सांगितलं होतं! हा काय खेळ आहे?' पुढे बरोबरी झाली, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला आणि मुंबईने २-१ ने चषक उचलला. दहा मिनिटांत दुसरा मेसेज : 'मागून शांतपणे खेळण्याचा फायदा बघा.' पहिला डिलीट करायचं भान मात्र राहिलं नव्हतं.

एकट्या साहेबांना काय बोलायचं? टीव्हीवरचे कोटवालेही जिंकणाऱ्याला मास्टरस्ट्रोक आणि हरणाऱ्याला 'इच्छाशक्ती कमी पडली' असंच वाटतात. निकाल आधी, कारण मागाहून. २०२२ च्या वर्ल्ड कपात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं, तेव्हा जिकडे तिकडे 'चमत्कार'. साहेबांचं मत, 'नशीब.' सौदीचे बचावपटू धोका पत्करून पार मधल्या रेषेकडे सरकून उभे राहिले होते, म्हणूनच पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. साहेबांना ते तीनही गोल पंचांनी ढापलेले वाटतात. अजून.

आणि तरी त्यांच्याशिवाय मॅच बघवत नाही. प्रोजेक्टर जोडणं, खुर्च्या मांडणं, वॉचमनपासून सगळ्यांना चहा पोचवणं, हे सगळं त्यांचंच. त्याच वर्ल्ड कपाच्या फायनलला ३-३ झाल्यावर पेनल्टी सुरू झाल्या, तर साहेब दिसेनात. खाली पार्किंगमध्ये पाठ करून उभे! "मला नाही बघवत रे." वरचा आरडाओरडा ऐकून निकाल कळल्यावर ते धावत आले, डोळे पुसले, आणि अर्जेंटिनाच्या मार्टिनेझने कोमानची पेनल्टी कोणत्या कोनातून अडवली, यावर पंधरा मिनिटं बोलले.

सोसायटीच्या मुलांच्या संघाला गेल्या वर्षी खराच कोच हवा होता, तेव्हा साहेबांनी बँकेतून रजा टाकली. डावपेच एकच : सगळे पुढे! गोलकीपरनेही तो मनापासून पाळला. सहा गोल खाल्ले. त्यानंतर पोरांनी साहेबांच्या खर्चाने वडापाव खाल्ले. कमिटीला दिलेल्या अहवालात कारण लिहिलं आहे, 'टर्फ ओला होता.'

यंदाही कोच तेच आहेत. निवड बिनविरोध झाली.