दर्याचो सातबारो

बांद्याला समुद्र नाही, तेरेखोल नदी आहे. पण 2023च्या जानेवारीत शेजारी मोप्याला विमानं उतरायला लागली आणि तेव्हापासून आमच्या टपरीवरचा दर तिसरा माणूस जमिनीचा दलाल झाला. गिऱ्हाइकाला 'रिव्हर टच' आवडलं नाही की ते 'सी टच' दाखवतात. असंच एक गिऱ्हाईक परवा टपरीवर भेटलं. मालवणच्या बाजूला वीस गुंठे घेतलेले, चिऱ्याचं कंपाउंड घातलेलं, आणि चेहरा असा की समुद्रानं तीन महिन्यांचं भाडं थकवलंय.

तक्रार काय, तर बंगल्यासमोर लोक पहाटे रापण ओढतात. होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्या वाडीनं वाळूत पाय रोवून ओढायचे. ओढणाऱ्याचा वाटा ठरलेला. साहेब याला 'ट्रेसपासिंग' म्हणतात. शिवाय वास येतो. खोटं कशाला बोला, येतोच. त्याच वासाच्या मागे आम्ही पिशवी घेऊन बाजारात फिरतो.

"कागद बघितलेत?" मी विचारलं.

"सगळे क्लिअर. पश्चिमेस समुद्र."

खरेदीखतातली चतुःसीमा होती ती. 'पश्चिमेस समुद्र' म्हणजे तिथे आपली जमीन संपते, असं दुनिया वाचते. यांनी तिथून समुद्र आपला सुरू, असं वाचलं. पूर्वेस ग्रामपंचायतीचा रस्ताही लिहिला होता. त्यावर मात्र हक्क सांगितला नाही. रस्त्याचे खड्डे बुजवावे लागतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 सालची. तिच्या कलम 20 प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ सरकारचा. सरकारही मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली सांगितलं. ते प्रकरण मनालीजवळच्या एका मोटेलचं. पुराचं पाणी आवारात शिरतं म्हणून त्यांनी बियास नदीचाच प्रवाह वळवला होता. त्या मानानं आमचे साहेब गरीब. ते फक्त रापण चार वाव सरकवा म्हणतात.

रापणकारांनी त्यांना एवढंच विचारलं म्हणे, "ओ साहेब, बांगडो काय तुमचा कंपाउंड बघून येता?"

खरी मेख वाळूवर नाहीच, वाळूपर्यंतच्या वाटेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या माडांमधून जाळी खांद्यावर घेऊन जायची वाट कंपाउंडात गेली. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वहिवाट असेल तर 1882चा सुविधाधिकार कायदा पाठीशी उभा राहतो. पण ती कोर्टात शाबीत करायची कोणी? ज्याच्या स्वतःच्या घराखालची जमीनही पुष्कळदा त्याच्या नावावर नसते, त्यानं. साहेबांकडे सातबारा, नकाशा आणि वकील. याच्याकडे आजोबांची आठवण आणि घट्टे पडलेले तळहात. हे पुरावे म्हणून दाखल करून घेणारं टेबल कुठल्या खोलीत बसतं, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही.

साहेबांना आता गेटवर 'खाजगी किनारा' असा बोर्ड लावायचाय. लावा, पण मराठीत लावा. मासे इथलेच आहेत.

आणि दलालबंधूंनो, एक विनंती. पुढचं गिऱ्हाईक प्लॉट बघायला ओहोटीला नेऊ नका. पुनवेच्या भरतीला न्या, चपला हातात घेऊन.