बुटीबोरीचा हात

नागपुरातून फुकटात बाहेर पडायचं, तर आधी पैसे मोजून बाहेर पडावं लागतं. वर्धा रोडवर खापरीपर्यंत 2019 पासून मेट्रो आहे. दुसऱ्या टप्प्यातली बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत जायची आहे. जाईल तेव्हा जाईल.

लिफ्ट मागणाऱ्यांची काशी म्हणजे बुटीबोरी. इथं रस्ता फुटतो. एक वर्धा-यवतमाळकडं, दुसरा जाम-हिंगणघाटमार्गे हैदराबादकडं. ट्रकची नंबरप्लेट तेलंगणाची असली, तर यवतमाळवाल्यानं उगाच हात दुखवू नये. आणि हात म्हणजे पूर्ण हात, परदेशी पाहुण्यांसारखा अंगठा नव्हे. ठेंगा दाखवणाऱ्यासाठी ब्रेक कोण मारील? ट्रक थांबलाच, तर क्लीनर दार अर्धं उघडून विचारतो, "कुठं जाऊन राहिले भाऊ?" आणि त्याच दमात भाडं सांगतो.

कारवाले थांबत नाहीत. त्यांना दोष कसा द्यावा?

2018 साली ऐरोलीत भर पावसात अनोळखी लोकांना गाडीत घेणाऱ्या एका कारवाल्याला दीड हजारांचा दंड झाला. मोटार वाहन कायद्याचं कलम 66 : परवान्याशिवाय प्रवासी नेऊ नयेत. माणुसकीची एवढी रीतसर पावती क्वचितच कुणाला मिळाली असेल.

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहेच, पण तिथं दुचाकीलाही मज्जाव. पायी माणसाचं तर नावच नको. राहता राहिली एसटी. पंचाहत्तरी गाठलेल्यांना ती 2022 पासून राज्यभर फुकट आहे. बाकीच्यांनी तोवर बुटीबोरीला हात हलवत राहावं.