पाटील एस. म्हणजे कोण?

पबमेड या वैद्यकीय संशोधनसूचीत लेखकांची पूर्ण नावं मिळतात ती २००२ पासूनच्या निबंधांची. त्याआधीच्यांची बोळवण बहुधा आद्याक्षरांवर. झोटेरो या संदर्भ जमवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिथून संदर्भ ओढला की ‘पाटील एस.’ हजर! आता ही सुनीता, संभाजी, शकुंतला की अख्खा सांगली जिल्हा? १९८४ ते १९९५ मध्ये तर दहाच लेखक नोंदले जात. अकरावा ‘आणि इतर’मध्ये जमा. आपल्या लग्नपत्रिकेत चुलत्याच्या नातवालासुद्धा अशी वागणूक मिळत नाही. बिचाऱ्या सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नाही, पुढ्यात येतं तेवढंच ते लिहून घेतं. पूर्ण नाव हवं तर निबंधाचा डीओआय हा ओळखक्रमांक देऊन क्रॉसरेफ या नोंदणीसंस्थेकडून नोंद मागवावी. प्रकाशकाने तिथेही नुसता ‘एस.’ भरला असेल, तर पीडीएफ उघडावी. तिच्यातही एस.च निघाला, तर सांगलीची एसटी पकडावी.