हे तर घरी होतं!

मुंबईत सँडविचवाल्याच्या स्टॉलपुढे जो घोळका असतो, त्यात सगळे खात असतात आणि एक जण मोजत असतो. बटाट्याच्या चकत्या किती, काकडीच्या किती, टोमॅटो अर्धा गेला की पाऊण. मोजदाद संपली की तो मनात बेरीज करतो, ती सँडविचच्या किमतीतून वजा करतो आणि उरलेल्या बाकीकडे बघून म्हणतो, "हे तर घरी होतं!"

ही जमात मोठी आहे. हॉटेलात पनीरचे तुकडे चमच्याने उलथून मोजणारे, लिंबू सरबताचा दर वाचून मंडईतल्या लिंबाचा भाव सांगणारे, लग्नात चाटच्या काउंटरवर आचाऱ्याची उलटतपासणी घेणारे, हे सगळे तिचे साधे सभासद. आमच्या मजल्यावरचे नाना मात्र आजीव सभासद आहेत. सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच्या खर्चावर शेरा मारल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही.

सँडविचचं त्यांचं ऑडिट असं. ब्रेडचे ७, बटाट्याचे २, काकडी-टोमॅटो-कांदा मिळून ४, बिटाचा १, बटरचे ५, चटणीचे २, गॅसचा १. झाले २२. "घेतो ६०! वरचे ३८ कसले? सुरी फिरवायचे?"

सुरी फिरवायचेच. पण नानांना हे सांगणार कोण? सँडविचवाला काकडी डाव्या हातात धरतो, उजव्या हाताने सुरी अंगठ्याकडे ओढतो आणि चकती थेट ब्रेडवर जाऊन पडते. मध्ये ना पाट, ना ताटली. चकतीतून खालची चटणी हिरवी दिसावी इतकी ती पातळ. हे चालू असताना तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देत असतो, तिसऱ्याचा टोस्टर उलटत असतो आणि चौथ्याला "तिखा कम?" असं विचारत असतो. नाना हे सगळं बघतात, पण त्यांच्या तक्त्यात याला रकाना नाही.

एका रविवारी नानांनी जाहीर केलं की आज सँडविच घरी होणार. त्यांच्या बोलीत घरी होणार म्हणजे काकू करणार.

न्यायाने बोलायचं तर नानांचं शास्त्र पक्कं आहे. बटर मऊ हवं आणि दोन्ही स्लाइसना अगदी कोपऱ्यापर्यंत लागायला हवं. ते चवीपुरतं नसतं, काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरू नये म्हणून केलेलं ते वॉटरप्रूफिंग असतं. चटणीत कोथिंबीर, पुदिना, मिरची, आलं, जिरं आणि लिंबू, शिवाय मूठभर डाळं, म्हणजे ती दाट होते आणि ओघळत नाही. वाटताना बर्फाचे दोन खडे टाकायचे, नाहीतर मिक्सरच्या उष्णतेने रंग काळवंडतो. बटाटे आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवायचे. गार बटाटा आवळतो, त्याची चकती सरळ पडते, गरम बटाट्याचा मात्र भुगा होतो. बीट वेगळं उकडायचं. मसाल्यात भाजलेलं जिरं, बडीशेप, दालचिनी, आमचूर आणि काळं मीठ, आणि तो एकदम वरून न घालता थराथरावर भुरभुरायचा.

हे सगळं नानांना तोंडपाठ आहे. फक्त त्यांनी ते सांगितलं रविवारी सकाळी साडेनऊला. त्यामुळे बटाटे कुकरमधून निघून थेट टेबलफॅनपुढे परातीत बसले. आणि गॅस वाचावा म्हणून बीट त्याच कुकरात घालण्याची सूचनाही नानांचीच असल्यामुळे बटाटे गुलाबी होऊन बसले.

"अहो, हे बटाटे आहेत की रताळी?" काकूंनी विचारलं.

"रंगाला चव नसते," नाना म्हणाले आणि सुनेला बटर फेटायला बसवलं. मुलाकडे काकडी दिली. नातवाला पुदिन्याची पानं खुडायला लावलं. स्वतःकडे त्यांनी देखरेख ठेवली.

थर लावायची वेळ आली तशी नानांना इतिहासाची उबळ आली. चौथा अर्ल ऑफ सँडविच, जॉन माँटेग्यू. पत्त्यांचा डाव सोडून उठायला नको म्हणून त्याने पावाच्या दोन तुकड्यांत मांस मागवलं, ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. नानांना ती मान्य नाही. "तो आरमारखात्याचा मंत्री होता. टेबलावर फायली असणार! त्याच्या चरित्रकारानेही हीच शक्यता मांडली आहे. ऑफिसात बसून काम करणाऱ्याला पत्तेबाज ठरवायची लोकांना हौसच असते." हा मुद्दा नानांच्या जिव्हारी लागण्याचं कारण सगळ्या मजल्याला माहीत आहे, सकाळच्या लोकलमध्ये त्यांच्या मांडीवरच्या ब्रीफकेसवर रमीचा डाव वर्षानुवर्षं रंगत असे. मग इतिहासकार गिबनने १७६२ सालच्या रोजनिशीत सँडविचचा उल्लेख केला तो आला, कॅप्टन कुकने हवाई बेटांना याच लॉर्डाचं नाव दिलं होतं तेही आलं. १९२८ साली अमेरिकेत रोवेडर नावाच्या माणसाच्या यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला, इथपर्यंत नाना पोचले तेव्हा मीठ-मसाला भुरभुरलेला टोमॅटो ताटलीत भरपूर पाणी सोडून बसला होता. शास्त्राप्रमाणे टोमॅटोवर मसाला पडला की वरची स्लाइस लगेच ठेवायची असते. ती नानांच्या हातात होती आणि ते ती हवेत हलवत बोलत होते.

खरा पेच पुढेच होता. सँडविचवाला चकत्या पातळ कापतो तो कंजूषपणा, असं नानांचं ठाम मत. "घरचं आहे, घाला भरपूर!" बटाट्याचा एक थर तिथे दोन झाले. बीट दुहेरी, काकडी दुहेरी, मध्ये तिसरी स्लाइस, वर कांदा, त्यावर चीज, कारण नातवाने हट्ट धरला होता. तयार झालेली वस्तू चांगली चार बोटं उंच होती. तिला गॅसवर धरायच्या दांडीच्या टोस्टरमध्ये घातलं आणि टोस्टर मिटेना. सुनेने दाबला, नाही. मुलाने दाबला, दोन्ही दांड्या एकमेकींपासून वीतभर लांब. शेवटी देखरेख बाजूला ठेवून नाना स्वतः उठले. दोन्ही हातांनी त्यांनी दांड्या अशा आवळल्या की कडी बसली, पण त्याच क्षणी बिटाची एक चकती बाजूने निसटली आणि ओट्यावरून घसरत थेट नानांच्या पांढऱ्या बंडीवर आली. मागोमाग बटाटा आला, तो चकतीच्या रूपात नव्हता. टोस्टरमध्ये शिल्लक राहिला तो मुख्यतः ब्रेड.

"आतलं सगळं बाहेर आलं," नातू म्हणाला.

"ओपन सँडविच म्हणतात याला. डेन्मार्कमध्ये असंच खातात," नाना म्हणाले.

चव मात्र बरी होती, हे सांगायला हवं. चटणी तर फक्कड. काकूंनी नानांचं भाषण चालू असताना डाळं जरा जास्त घालून ती सावरून घेतली होती. सगळ्यांनी चमच्याने खाल्लं.

दुपारी नानांनी वहीत नोंद केली: प्रति सँडविच २२ रुपये, बचत ३८. या हिशेबात नवा टोस्टर धरलेला नव्हता, कारण ती भांडवली गुंतवणूक. खास मागवलेली सुरीही नव्हती, तिचंही कारण तेच. उरलेल्या अर्ध्या ब्रेडचा काकूंनी सोमवारी उपमा केला, मंगळवारी रोल केले. तो खर्च न्याहारी या सदरात वर्ग झाला. माणसांची मजुरी शून्य. "घरच्यांची कसली मजुरी?" यावर काकूंनी काही म्हटलं नाही. त्या बंडीवरचा डाग चोळत होत्या.

त्यानंतर नानांचं स्टॉलवर जाणं थांबेल असं मला वाटलं होतं. उलट वाढलं. आता ते तिथे अनुभवी माणसाच्या अधिकाराने उभे राहतात. परवा माझ्यादेखत ते सँडविचवाल्याला सांगत होते, "बटाटा रात को उबालने का. फ्रिज में रखने का. और बीट तुम्हारा जास्ती नरम हुआ है." तो ऐकत होता आणि हात चालू होते. शेव भुरभुरून, एक आडवा आणि दोन उभे काप देऊन सहा तुकडे त्याने कागदावर सरकवले, एकही चकती हलली नाही. मग त्याने फडक्याला सुरी पुसली, मूठ नानांकडे केली आणि अगदी आदराने म्हणाला, "साब, अगला आप बनाओ."

मागे सात-आठ माणसं वाट बघत होती. नानांनी सुरीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. निवृत्त होऊन त्यांना कैक वर्षं झाली आहेत, पण त्यांनी लगबगीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "अरे, आज टाइम नहीं. गाडी पकडनी है."