सातपायरीचे नाना

पंडित जितेंद्र अभिषेकींचं एकही नाट्यपद न ऐकलेला माणूस भेटला, की इतर रसिकांना त्याची कीव येते. नानांना हेवा वाटतो. ‘म्हणजे ‘मत्स्यगंधा’ तुमची ऐकायची आहे अजून? भाग्यवान आहात!’ असं म्हणून ते त्याचा हात धरतात आणि लगेच विचारतात, ‘तोरणमाळ पाहिलंय का?’

नाना म्हणजे कुणी एकच गृहस्थ समजू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही गावात हाक मारा, एखादा नाना ओ देईलच. कुणी निवृत्त मुख्याध्यापक, कुणी बँकेतून सुटलेला, कुणाचं खतांचं दुकान. स्वतः गाणारा यांच्यात क्वचितच. पण नवखा माणूस गाठून त्याला अभिषेकीबुवांची दीक्षा दिल्याशिवाय यांना जेवण जात नाही.

दीक्षेला तोरणमाळच का, यालाही कारण आहे. घरी पदाच्या ऐन समेवर कुकरची शिट्टी होते. शहाद्याहून निघालेली गाडी राणीपूर सोडून सातपुड्यात शिरली, की मोबाइलची रेंज हळूहळू मान टाकते आणि चालत्या गाडीतून कुणाला उठून जाता येत नाही. थंड हवा, यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर ही सगळी पाहुण्याला सांगायची कारणं. खरं कारण सातपायरी घाट. या घाटाच्या एकेका पायरीला नानांनी एकेक पद नेमून दिलंय. ड्रायव्हरलाही ताकीद असते, ‘तिसऱ्या पायरीला दुसरा गिअर, तान आहे.’

या खेपेचे नवखे म्हणजे भाचेजावई. दीक्षेसाठी याहून सोयीचा माणूस नाही. सासुरवाडीच्या वडीलधाऱ्यांना ‘नको’ म्हणायची त्याला सोय नसते.

पहिली पायरी ‘लेकुरे उदंड जाली’, १९६६. मुद्दाम सोपी. श्रीकांत मोघे काही मैफलीचे गवई नव्हेत, म्हणून बुवांनी त्यांना बोलता बोलता गाणं होईल अशा चाली दिल्या. ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर मलाही जमेल. ‘हे नुसतं आमिष,’ नाना माझ्या कानात म्हणाले, ‘खरा गळ पुढे आहे.’ जावई मान डोलवत होते, गुडघ्यावर बोटं वाजवत होते.

दुसरी पायरी ‘मत्स्यगंधा’, १९६४. इथे नानांमधला खानदेशी जागा होतो. कानेटकरांच्या या नाटकात बालकवींची ‘तू तर चाफेकळी’ आहे. ‘कवी आपल्या धरणगावचे, चाल मंगेशीच्या बुवांची, गाणाऱ्या आशालताबाईही गोव्याच्याच. तापीचं पाणी थेट मांडवीला मिळालं की नाही, जावईबापू?’ भूगोलाच्या दृष्टीने हे शक्य नाही, पण नानांच्या गाडीत भूगोल मागच्या सीटवर बसतो.

मग भाषण सुरू झालं. १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती. रात्रभर वन्समोअर चालायचे, प्रेक्षक पहाटे घरी पोचायचे. बुवांनी काय केलं? पदं आठ-दहावर आणली, ताना आवरल्या, नाटकाच्या प्रसंगाला गाण्याखाली चिरडू दिलं नाही. मुद्दा अगदी बरोबर. फक्त बुवांचा आटोपशीरपणा समजावून सांगायला नानांना बुवांच्या दोन पदांएवढा वेळ लागला, आणि तेवढ्यात ती दोन्ही पदं वाजून गेली. म्हणून ती पुन्हा लावावी लागली.

नाना स्वतः गाणं ऐकत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला उशीरच झाला. ते पुढच्या सीटवर उलटे वळून बसतात आणि नवख्याचं तोंड बघतात. स्वतःला पदांचा श्वासन्‌श्वास पाठ. पहिल्यांदा ऐकतानाचा तो धक्का त्यांना आता पुन्हा मिळायचा नाही, म्हणून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तो पकडायला टपलेले असतात. हवी ती जागा यायच्या आधी बोट वर करतात, ‘आता! आता बघा!’ आणि त्या ‘बघा’खाली जागा नेमकी बुडते.

‘ययाति आणि देवयानी’ झालं, ‘हे बंध रेशमाचे’ झालं. सातवी पायरी अर्थातच ‘कट्यार काळजात घुसली’, १९६७, दारव्हेकरांचं नाटक, वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत. इथलं नानांचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे एकाच पदाच्या दोन चाली: एक नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याची, दुसरी खाँसाहेबांच्या घराण्याची. दोन्ही बुवांनीच बांधलेल्या. एकाच माणसाने दोन घराण्यांचं भांडण लावायचं आणि दोन्ही बाजूंनी जिंकायचं, ही किमया.

‘याचा सिनेमा पाहिलाय मी,’ जावई क्षीण आवाजात म्हणाले. नाना क्षणभर गप्प झाले. २०१५ चा तो सिनेमा त्यांनीही थिएटरात तीनदा पाहिलाय, पण हे ते घाटात कबूल करत नाहीत.

वसंतरावांचा आवाज चढला, गाडी वळली, आणि जावयांनी डोळे मिटून मान मागे टाकली. चेहरा पांढराफटक. नाना हर्षाने ओरडले, ‘लागली! समाधी लागली!’

‘अहो, गाडी लागलीय त्यांना,’ नानी पिशवीतून आवळासुपारी काढत म्हणाल्या. नानींचा हा घाट पाठ आहे, पदंही पाठ आहेत आणि कोणत्या पायरीला कोणता पाहुणा पडतो हेही. नानांच्या मते हिला गाण्यातलं काही कळत नाही.

वर पोचल्यावर तलावाकाठी लिंबूसरबत झालं, वारा लागला, जावयांना रंग चढला. नाना दबा धरून बसलेच होते. ‘मग, कुठलं आवडलं?’

‘मामा, ते पहिलं... बोलता बोलता गातात ते. पुन्हा लावता?’

‘ते? अहो, ती पायरी होती! वर चढायला!’

‘तीच आवडली मला.’

नाना बराच वेळ तलावाकडे बघत राहिले. मग नानींनी दिलेला वाटीभर चिवडा संपवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, उतरताना यादी उलटी लावू. पहिली पायरी शेवटी येईल, तोवर बाकीच्या सहा तरी त्यांना ऐकाव्याच लागतील.